अंगणांतील दुर्बीण आणि ग्रहांचीं छायाचित्रें



पेणहून रोह्यास जाणें म्हणजे कांहीं मोठा प्रवास नव्हे. कासू आणि नागोठणें मागें पडलें कीं रोहें आलेंच. गेल्या हिवाळ्यांत हा प्रवास मीं अनेकदां केला, आणि तो केवळ गुरु ग्रहाच्या एका छायाचित्रासाठीं. रोह्यास माझा एक जुना विद्यार्थी राहतो. विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचें त्याचें लहानसें दुकान आहे. काटकसर करून त्यानें सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली, संगणकावर संभाषणासाठीं वापरतात तसला साधा वेबकॅम तिला जोडला, आणि दोन वर्षें खटपट केली. दर वेळीं हातीं आला तो एक पांढुरका, पुसट गोळा. शेवटीं तो मला म्हणाला, "सर, ही दुर्बीण विकतों आणि कर्ज काढून मोठी घेतों. ह्या लहान आरशांतून कांहीं निघावयाचें नाहीं." दुकानावर संसार चालविणाऱ्याच्या घरांत कर्ज हा शब्द हलका नसतो. म्हणून मीं त्यास म्हटलें, "अरे, आरशावर आरोप ठेवण्यापूर्वीं हवेची साक्ष तरी घे." त्या साक्षीचा वृत्तांत आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रथम आरशाची बाजू पाहूं. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. गुरु पृथ्वीच्या जवळ असतां त्याचें बिंब सुमारें ४५ विकला रुंद दिसतें. चंद्राचें बिंब ह्याच्या चाळीसपट रुंद असतें. निर्दोष असा सहा इंची आरसा, प्रकाशाच्या नियमाप्रमाणें, सुमारें पाऊण विकलेचा बारकावा वेगळा दाखवूं शकतो. म्हणजे गुरूच्या रुंदीचे जवळजवळ साठ भाग त्यास निरनिराळे दाखवितां येतात. गुरूवरील पट्टे, त्यांच्या कडांचीं वळणें व तो प्रसिद्ध तांबडा डाग, हें सारें एवढ्या मापांत सहज मावतें. मग तें छायाचित्रांत कां उतरत नाहीं?

ह्याचें कारण असें कीं, आपण हवेच्या समुद्राच्या तळाशीं बसून आकाश पाहत असतों. कुंडलिकेच्या वाहत्या पाण्यांतून तळचा खडा पाहावा, तसेंच हें आहे. हवेचे उष्ण व थंड थर प्रकाशकिरणांना निरनिराळे वांकवितात आणि बिंब थरथरतें. सामान्य रात्रीं ही थरथर दोन-तीन विकलांची असते. तेव्हां पाऊण विकलेचा बारकावा तींत बुडून जावा ह्यांत नवल तें काय? परंतु वाहतें पाणीहि क्षणभर निवळतें आणि खडा स्वच्छ दिसून जातो. हवेचेंहि तसेंच आहे. डेव्हिड फ्रीड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७८ मध्यें अशा भाग्याच्या क्षणांची संभाव्यता गणितानें मांडली. त्या गणितांतून निघणारी एक गोष्ट आमच्या कामाची आहे: आरसा जितका मोठा, तितके असे क्षण दुर्मिळ. लहान आरसा ह्या बाबतींत उलट सुदैवी ठरतो.

वेबकॅमचा उपयोग येथेंच आहे. तो सेकंदास तीस फ्रेम टिपतो. दोन मिनिटांत ३,६०० फ्रेम होतात. त्यांतील बहुतेक थरथरलेल्या असल्या, तरी कांहीं निवळल्या क्षणींच्या असतात. ऑटोस्टॅकर्ट व रजिस्टॅक्स हे संगणकाचे दोन कार्यक्रम विनामूल्य मिळतात, आणि दोन्ही हॉलंडमधील हौशी निरीक्षकांचे आहेत. ते ह्या फ्रेम पारखून उत्तम त्या निवडतात व एकावर एक बरोबर रचतात. दहांत एक ह्या प्रमाणानें ३६० फ्रेम रचल्या, तर प्रत्येक फ्रेममधील दाणेदारपणा ३६० च्या वर्गमुळानें, म्हणजे सुमारें एकोणीसपट कमी होतो. तथापि निवडावयास चांगली फ्रेमच नसेल तर पारखी काय करणार? म्हणून खरें काम संगणकापूर्वींचें आहे.

माझ्या विद्यार्थ्याची दुर्बीण सिमेंटच्या गच्चीवर होती. दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहते, आणि ती वर चढणारी हवा नेमकी दुर्बिणीच्या तोंडापुढून जाते. आम्हीं दुर्बीण खालीं परसांत, गवतावर आणिली. दुसरा दोष असा, कीं घरांतील उबदार खोलींतून दुर्बीण बाहेर काढून तो लगेच चित्रें घेई. जाड कांचेचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत नळींतच हवेचे प्रवाह चालू असतात. तेव्हां तासभर आधीं दुर्बीण बाहेर ठेवावी. तिसरा दोष आरशांच्या जुळणीचा होता. एखादा तेजस्वी तारा मुद्दाम थोडा फोकसबाहेर न्यावा. त्याचीं वर्तुळें एकाच मध्याभोंवतीं नसतील, तर आरशामागील स्क्रू हळूहळू फिरवून तीं तशीं आणावीं. ह्या तीन गोष्टींस एक पैहि लागत नाहीं.

चौथी गोष्ट वेळेची. ग्रह क्षितिजाजवळ असतां त्याचे किरण हवेच्या जाड थरांतून तिरपे येतात; म्हणून तो उंच चढेपर्यंत थांबावें. ह्या बाबतींत आपण कोंकणवासी भाग्यवान आहोंत. पेण व रोहें साडेअठरा उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. १० जानेवारी २०२६ रोजीं गुरूचा प्रतियोग झाला, तेव्हां मध्यरात्रीं तो आपल्या खस्वस्तिकापासून अवघ्या चार अंशांवर होता. डेमियन पीच ह्या नामांकित इंग्रज छायाचित्रकारानें उंच ग्रह आणि स्थिर हवा मिळावी म्हणून बार्बाडोस बेटावर जाऊन चित्रें घेतलीं. आम्हांस तें परसांत मिळालें. मात्र जुलै २०२० मधील प्रतियोगाच्या वेळीं गुरु दक्षिणेस उतरला होता, आणि येथें ऐन पावसाळा होता. हा केवळ योगायोग नव्हे. पावसाळ्यांत सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून त्याच्या समोर येणारा ग्रह दक्षिणेकडेच असावयाचा. हिवाळ्यांत ह्याच्या उलट. ग्रहहि उंच आणि आकाशहि मोकळें. पुढचा गुरूचा प्रतियोग फेब्रुवारी २०२७ चा आहे.

रात्र कशी निवडावी? तारे जोरानें लुकलुकत असतील, तर आकाश कितीहि काळेंभोर असो, ती रात्र ग्रहांची नव्हे. उलट पहांटे किंचित् धुकें असतां, तारे शांतपणें तेवत असतील, तर त्या वेळीं झोंप सोडावी. आमचीं उत्तम चित्रें अशाच एका धुकट पहांटेचीं आहेत.

आतां मापाविषयीं. वेबकॅमचें पुढचें भिंग काढून तो नेत्रिकेच्या जागीं बसवितात. आमच्या दुर्बिणीचें नाभ्यंतर १,२०० मिलिमीटर आहे आणि वेबकॅमचा एक पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा. नुसता जोडला तर एका पिक्सेलांत जवळजवळ एक विकला जाते, म्हणजे आरसा जें दाखवितो तें वेबकॅम गिळून टाकतो. तिप्पट करणारें बार्लो भिंग मध्यें घातल्यावर एका पिक्सेलास विकलेचा एक तृतीयांश आला व गुरु १४० पिक्सेल रुंद झाला. ह्याहून अधिक मोठें करूं नये. बिंब वाढतें, बारकावा वाढत नाहीं, आणि प्रकाश मात्र पातळ होतो. वेबकॅमची स्वयंचलित योजना बंद करून उजेड हातानें ठरवावा, आणि बिंबाचा कोणताहि भाग पांढराफटक पडूं देऊं नये.

चित्रण किती वेळ चालवावें, ह्यासहि मर्यादा आहे. गुरु ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोंवतीं फिरतो. दोन मिनिटांत तो सव्वा अंश वळतो, आणि बिंबाच्या मध्यावरील खूण सुमारें अर्धी विकला सरकते. हें आरशाच्या मर्यादेच्या आंत आहे. चार मिनिटें घेतलीं कीं ती मर्यादा ओलांडली. मंगळ चोवीस तासांहून अधिक घेतो. त्यास चार-पांच मिनिटें देतां येतात.

फ्रेम रचून झाल्या कीं चित्राची धार वाढविण्याचें काम येतें, आणि येथें माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. एकदां मीं पेणला घरीं बसून धार वाढवीत गेलों. गुरूच्या कडेस लागून एक बारीक उजळ कंगोरा दिसूं लागला. तो गुरूच्या वातावरणाचा थर आहे असें मीं चार मंडळींस मोठ्या अभिमानानें समजावूनहि दिलें. रोह्याच्या विद्यार्थ्यानें चित्र पाहिलें आणि संकोचून म्हणाला, "सर, हा कंगोरा मूळ चित्रांत नाहीं हो. धार वाढविली कीं येतो." त्यानें तें करून दाखविलें. चाळीस वर्षें मीं मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या. त्या दिवशीं ती शाई माझ्या वाट्यास आली.

आमच्या पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारा कारागीर निराळा असतो. त्याच्या कुंचल्यानें मूर्ति जिवंत होते, परंतु मातींत नसलेला अवयव तो रंगानें उभा करीत नाहीं. धार वाढविणाऱ्यानें हीच मर्यादा पाळावी. त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला. लागोपाठ दोन चित्रणें घ्यावयाचीं आणि दोघांनीं तीं स्वतंत्रपणें सिद्ध करावयाचीं. जी खूण दोहोंतहि आहे आणि ग्रहाबरोबर सरकली आहे, तीच खरी.

हा नियम क्षुल्लक वाटेल. तसा तो नाहीं. पर्सिव्हल लोवेलसारख्या थोर निरीक्षकासहि मंगळावर नसलेले कालवे दिसले. उलट १९ जुलै २००९ रोजीं ऑस्ट्रेलियांतील अँथनी वेस्ली ह्या हौशी निरीक्षकानें आपल्या घरच्या दुर्बिणीनें गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग टिपला. तो ग्रहाबरोबर फिरतो आहे हें ओळखून त्यानें शास्त्रज्ञांस कळविलें. हवाई बेटावरील मोठ्या दुर्बिणीनें पडताळा पाहिला, आणि गुरूवर कांहीं तरी आदळलें असल्याचें ठरलें. हौशी माणसाच्या चित्रास किंमत येते ती अशी. तो आपल्या संगणकाची करामत आकाशाच्या नांवावर खपवीत असता, तर त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेविला असता?

आपल्या ह्या जिल्ह्यांतील नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं १८६० मध्यें ग्रहसाधनाचीं कोष्टकें मराठींत दिलीं. ग्रह कोठें आहे हें त्यावरून घरीं काढतां येऊं लागलें. तो कसा दिसतो, हें आतां परसांतून टिपतां येतें. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांस वाट दाखवीत आहे, आणि आयुका ह्या संस्थेनें स्वतः आरसा घासून दुर्बीण करण्याच्या कार्यशाळाहि घेतल्या आहेत. ज्यांस आवड आहे त्यांनीं अशा मंडळींत जावें.

रोह्याची दुर्बीण विकली गेली नाहीं, आणि कर्जहि निघालें नाहीं. दुकानाच्या भिंतीवर गुरूचें एक लहान चित्र लावलेलें आहे. त्यांत दोन पट्टे स्पष्ट आहेत आणि तांबडा डाग जरा फिकट आहे. गिऱ्हाइकानें विचारलें, कीं हा डाग अधिक ठळक कां केला नाहीं, तर तो म्हणतो, "त्या पहांटे तो एवढाच दिसला."