सुधारणेचे माप बायकांच्या हाती

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची सामाजिक सुधारणा बहुधा सनावळीतून सांगितली जाते: १८४८ ची फुले दांपत्याची मुलींची शाळा, १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, १८९१ चा संमतिवयाचा कायदा. त्याच काळात लिहू लागलेल्या बायकांचा हिशेब मात्र निराळा होता. बाळंतपणात, माजघरात आणि कोर्टात बाईच्या वाट्याला काय येते, यावरून त्या सुधारणा जोखत होत्या.

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले. वरच्या जातींतील विधवांचे दुःख खरेच होते, पण मुक्ताबाईचे दुःख सुधारणेच्या चर्चेत कुठेच बसत नव्हते. बाईपणाला जात चिकटलेली असते, हे एका शाळकरी मुलीने इतक्या लवकर सांगितले आणि पुढे कितीतरी वर्षे ते बाजूला पडले.

विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यातही एक मेख होती. दुसरे लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने जाई. रूढी तर जागची हललीच नाही. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला लोकलाजेपोटी नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्यानिमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवरच आग पाखडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती आहे, हे त्यांनी रोखठोक दाखवले. सभा भरवून बोलण्यापलीकडे न जाणाऱ्या सुधारकांनाही सोडले नाही. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची पाठराखण केली. तरीही हे पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ साली अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

नवी व्यवस्था बाईला कशी उलटू शकते, हे रखमाबाईंच्या खटल्यात सर्वांत स्पष्ट दिसते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवरा दादाजी भिकाजींकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक सहजीवनाचा दावा लावला. ज्या कायद्याच्या आधारे तो लावला, तो मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची सोय धर्मशास्त्रात नव्हती; ती इंग्रजी न्यायाने आणली. धर्मरक्षणाचा कैवार घेणारे त्याच परक्या कायद्याच्या मागे उभे राहिले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, पण अपिलात तो टिकला नाही. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. संमतीशिवाय झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, हे त्यांचे म्हणणे शाळा काढणाऱ्या पुष्कळ सुधारकांनाही पेलवणारे नव्हते. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरतेत त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची दखल घेतली आणि सरकार बाईच्या बाजूने उभे राहील, या भाबड्या आशेवर बोट ठेवले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, कारण बाईला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, असे त्यांचे मत होते.

वैवाहिक सहजीवनाच्या दाव्यातील तुरुंगवास पुढे रद्द झाला. दावा मात्र राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो नवरा आणि बायको दोघांसाठीही ठेवण्यात आला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम बाईच्या शरीरावरील हक्काच्या आड येते म्हणून घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.