ताटातले मासे : समुद्रातला बांगडा, नदीतला रोहू

बांगडा आणि रोहू हे दोन्ही मासे महाराष्ट्राच्या बाजारात नेहमी दिसतात. बांगडा (शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा) समुद्रात किनाऱ्याजवळ राहतो. रोहू (लेबिओ रोहिता) मूळचा उत्तर भारतातल्या मोठ्या नद्यांचा. दख्खनच्या जलाशयांत तो बीज सोडून वाढवला जातो. दोघांतले बहुतेक फरक त्यांच्या पाण्यातून आलेले आहेत.

पहिला फरक मिठाचा. समुद्राचे पाणी माशाच्या रक्ताच्या सुमारे तिप्पट खारे असते. त्यामुळे बांगड्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढायला तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. म्हणूनच खाऱ्या पाण्यात जन्म काढूनही त्याचे मांस खारट लागत नाही. रोहूचे नेमके उलट आहे. गोडे पाणी त्याच्या अंगात शिरत राहते; ते तो भरपूर पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार शोषून घेतो.

दुसरा फरक पोहण्याचा. बांगडा मोठ्या थव्याने अखंड पोहतो. शरीर दोन्ही टोकांना निमुळते, शेपटी खोल दुभंगलेली, खवले बारीक. सतत राबणाऱ्या स्नायूंना प्राणवायू पुरवणाऱ्या रंगद्रव्यामुळे त्याच्या कुशीचे मांस गडद दिसते, आणि त्यात तेलही भरपूर असते. रोहूचे खवले मोठे, मांस पांढरट. पण त्यात दुटोकी बारीक काटे विखुरलेले असतात, म्हणून तो जपून खावा लागतो.

बांगडा पाण्यातले सूक्ष्म प्लवंग कल्ल्यांच्या दाट चाळणीने गाळून खातो. खाली वळलेल्या तोंडाचा, झालरदार ओठांचा रोहू तळ्याच्या मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पतींचे अंश टिपतो. रोहूसारखेच कार्प मासे असलेल्यांपैकी कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी. त्यामुळे तिघे एकाच तळ्यात सुखाने वाढतात. मिश्र मत्स्यशेती याच विभागणीवर उभी आहे.

बांगडा मात्र समुद्रातूनच धरावा लागतो: रापणीने, पर्ससीनने किंवा गळफाशाच्या जाळ्याने. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रोहू साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाही. त्याला पावसाळ्यातली वाहती नदी लागते. त्यामुळे पूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे.

वासाचे मूळही पाण्यातच आहे. समुद्री माशाच्या मांसातले एक संयुग मेल्यानंतर जिवाणूंमुळे मोडते आणि उग्र वास सुटतो. रोहूला कधी येणारा मातकट वास तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळे व जिवाणूंमुळे येतो. आंबट पदार्थ दोन्ही वास कमी करतात. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात कोकम पडते, वर सुगंधाला तिरफळ.

खरेदीत मुख्य सावधगिरी बांगड्याची. बर्फाविना राहिल्यास त्यात हिस्टॅमिन तयार होते, आणि ते शिजवूनही जात नाही. ताज्या माशाचे डोळे चमकदार, कल्ले लालभडक आणि मांस घट्ट असते. ही परीक्षा दोघांनाही लागू आहे.