बंदी नव्हे, पातळ बिअर

मी दारूबंदी खात्यात होतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही शेजारचा हळूच विचारतो, "साहेब, बंदीनं दारू कमी होते का हो?" मी त्याला पहिल्या महायुद्धातले दोन देश दाखवतो. रशियाच्या झारनं १९१४ मध्ये व्होडका बंद केली. सरकारी तिजोरीतला जवळपास चौथा हिस्सा या व्होडकातूनच यायचा. तो आटला आणि खेडोपाडी हातभट्ट्या पेटल्या. पुढचं मी सांगायला नको.

ब्रिटननं बंदी घातली नाही. आधी ओरड झाली ती दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या पिऊन येणाऱ्या आणि न येणाऱ्या कामगारांची. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९१५ च्या मार्चमध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या पंगतीत दारूलाही शत्रू म्हणून बसवलं, वर तोच सगळ्यांत मोठा म्हणाले. राजानं युद्ध संपेपर्यंत मद्य सोडलं. पार्लमेंटच्या सभासदांना काही ते जमलं नाही. त्याच वर्षी मद्यनियंत्रण मंडळ आलं. लंडनचे पब पहाटे पाचपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत चालत, ते दिवसाला साडेपाच तासांवर आले. जेवणाखेरीज दुसऱ्याला पाजणंही गुन्हा ठरला. साउदॅम्प्टनला एकानं बायकोला ग्लासभर वाइन घेऊन दिली म्हणून दंड झाला. अशा केसचा पंचनामा कसा लिहिला असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

पण खरी गंमत बिअरच्या ग्रॅव्हिटीत आहे. धान्याचा गोड काढा आंबवण्याआधी त्यात हायड्रोमीटर सोडतात. साध्या पाण्याचा आकडा १०००. साखर जितकी जास्त तितका तो वर, आणि पुढे दारूही तितकी कडक. ब्रिटनमध्ये बिअरवरचा कर याच आकड्यावर लागायचा. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं सर्रास बुडवू लागल्या, तेव्हा सरकारनं वर्षाचं उत्पादन एक कोटी पिंपांवर आणलं. मात्र ही पिंपं मोजायची १०५५ ग्रॅव्हिटीच्या हिशेबानं. म्हणजे बिअर जितकी पातळ, तितकी प्रत्यक्ष पिंपं जास्त. कारखानदारांना हे समजावून सांगावं लागलं नाही. युद्धापूर्वी सरासरी १०५२ च्या आसपास असलेला आकडा १९१८ मध्ये १०३० च्या घरात आला. गिऱ्हाइकांनी त्या पेयाला कुचेष्टेनं 'सरकारी बिअर' म्हटलं, जास्त पैसे मोजले आणि प्यायले. धान्य वाचलं, कर मिळाला, पबही उघडे राहिले. खात्यातला माणूस म्हणून मला या हिशेबाचं कौतुक वाटतं.

स्पिरिटच्या भट्ट्यांचं निराळंच झालं. कॉर्डाइट हे तोफांचं स्फोटक बनवायला ॲसिटोन लागतं. खाइम वाइझमन (पुढे इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष) यांनी मका जिवाणूंकडून आंबवून ते काढून दाखवलं. आंबवणं आणि गाळणं हेच काम असल्यानं सरकारनं लंडनमधली जिनची भट्टी त्याला लावली, टोरांटोमधली व्हिस्कीची भट्टीही लावली. मका कमी पडला तेव्हा शाळकरी पोरांना रानात घोडचेस्टनटची फळं वेचायला पाठवलं. ॲसिटोनचा एक कारखाना आपल्या नाशिकलाही उभारला गेला. नाशिकला मी बरीच वर्षं काढली, पण हे मला कुणा सहकाऱ्यानं सांगितलं नाही, निवृत्तीनंतर पुस्तकात सापडलं.

कार्लाइल गावात तर सरकारनं पब आणि ब्रुअऱ्या विकतच घेतल्या, कारण जवळच्या ग्रेटनात कॉर्डाइटचा प्रचंड कारखाना होता. तिथल्या पबच्या मॅनेजरला दारूच्या विक्रीवर कमिशन नव्हतं, जेवणावर होतं.

इंग्लंड-वेल्समध्ये दारू पिऊन केलेल्या गुन्ह्यांच्या शिक्षा १९१४ मध्ये सुमारे १ लाख ८४ हजार होत्या, १९१८ मध्ये २९ हजार. सगळं श्रेय नियमांना देऊ नये. पिणारी तरणी पोरं लाखांनी खंदकात होती.

लढाई संपली तरी नियम गेले नाहीत. कार्लाइलचे पब १९७० नंतर विकले गेले, युद्धातल्या वेळांच्या नियमानं इंग्लंडमधल्या पबना दुपारी लागणारं कुलूप १९८८ मध्ये निघालं. व्हिस्की निदान तीन वर्षं मुरलीच पाहिजे, हा दंडकही १९१५ च्या युद्धकाळातल्या कायद्यातून आला आणि तो आजही पाळतात. निदान स्कॉटलंडमध्ये तरी. आमच्या छाप्यात सापडणाऱ्या 'स्कॉच'वर बारा वर्षांचं लेबल असायचं आणि आतला माल परवा रात्रीचा.