डॉ. भाऊ दाजी यांचें गुप्त औषध आणि प्रकट लेख

डॉ. भाऊ दाजी लाड हें नांव इतिहाससंशोधकांस प्राचीन लेखांच्या वाचनामुळें परिचित आहे. परंतु त्यांचा व्यवसाय वैद्यकीचा होता, सार्वजनिक कार्य राजकारणाचें होतें आणि ध्यास महारोगाच्या उपचाराचा होता. या चरित्रांत एक विसंगति आहे, व तिचा हस्तलिखितें बाळगणाऱ्या आपणां सर्वांशीं निकट संबंध येतो. म्हणून हें टिपण.

आमच्या गारगोटीहून नैर्ऋत्येस घाट उतरून सावंतवाडी ओलांडिली म्हणजे गोमंतकाच्या सीमेवरील पेडणें महाल लागतो. त्यांतील मांद्रें गांवीं १८२२ सालीं भाऊ दाजींचा जन्म झाला. त्यांचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं जी पहिली तुकडी बाहेर पडली, तींत ते होते. बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनीं गरिबांसाठीं धर्मार्थ दवाखाना चालविला. १८५२ सालीं स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते, आणि या संस्थेनें हिंदी प्रजेचीं गाऱ्हाणीं थेट पार्लमेंटापुढें मांडिलीं. १८६९ व १८७१ या दोन वर्षीं ते मुंबईचे शेरीफ झाले.

महारोगावर ते खष्ट, म्हणजे कडूकवठ, या झाडाच्या बियांचें तेल वापरीत. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत, तेराव्या अध्यायीं, पश्चिम समुद्राच्या कांठीं होणाऱ्या तुवरक वृक्षाच्या तेलाचा कुष्ठावर प्रयोग सांगितला आहे. तुवरक तो हाच, असें बहुतेक अभ्यासक मानितात. याच जातीचीं तेलें पुढें १९४० नंतर सल्फोन औषधें येईपर्यंत जगभर या रोगावर वापरांत होतीं. भाऊ दाजींची दिशा योग्य होती, हें यावरून उघड आहे. तथापि आपल्या औषधाची कृति त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केली नाहीं. ३१ मे १८७४ रोजीं ते निवर्तले.

आतां दुसरी बाजू पहा. गिरनारच्या शिलेवरील रुद्रदामन् व स्कंदगुप्त यांचे लेख, अजिंठ्याचे लेख, १८६० सालचा कालिदासावरील निबंध, हें सर्व त्यांनीं एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें मांडिलें. कालिदास व मातृगुप्त एकच, हें त्यांचें मत पुढील पंडितांनीं मान्य केलें नाहीं. पण तें छापलेलें होतें म्हणूनच त्याचें खंडन होऊं शकलें आणि कालनिर्णयाचा वाद पुढें सरकला. गुप्त राहिलेल्या कृतीस मात्र ना परीक्षा लाभली, ना दुरुस्ती.

त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं, १८९० सालीं, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ऍक्वर्थ यांनीं माटुंगा येथें निराश्रित महारोग्यांसाठीं आश्रयस्थान उभारिलें. शाळिग्रामांसह मराठी पोवाडे प्रसिद्ध करणारे ऍक्वर्थ ते हेच. रस्त्यावरील रोग्यास छप्पर मिळालें, हें मोठेंच कार्य झालें; परंतु १८९८ च्या कायद्यानें भिक्षेकरी रोग्यास सक्तीनें कोंडून ठेवण्याची मुभा सरकारास दिली. खात्रीचें औषध हातीं नसलें म्हणजे समाज भिंतींचा आधार घेतो.

भाऊ दाजींच्या स्मरणार्थ मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत जो हस्तलिखितांचा संग्रह आहे, तो कोणाही अभ्यासकास उपयोगी पडतो. आपल्याकडे मात्र वैद्यकीचीं बाडें देवघरांत बांधून ठेवण्याची आणि घरचा उतारा बाहेर न सांगण्याची चाल फार जुनी आहे. त्या बाडांतील सर्वच उपाय गुणकारी असतील असें नाहीं. पण गुणकारी कोणता व निरुपयोगी कोणता, हें ठरविण्यासाठीं तीं आधीं वाचावयास मिळालीं पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं निदान त्यांच्या नकला करूं द्याव्या. वाळवी रुमाल सोडून आंत शिरण्यास कोणाची परवानगी मागत नाहीं.