गावची चव आणि बांधलेले गिऱ्हाईक
पिझ्झा, मिसळ आणि पेण-रोह्याच्या बाजाराचा हिशेब

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पोत पाहते, भाव विचारते आणि शेजारच्या दुकानात जाऊन तोच भाव पुन्हा विचारते. मीटरमागे दोन रुपये कमी मिळाले की ते तिकडचे होते. आम्ही कापडवाल्यांनी हे रोजच पाहिले आहे. खाण्याच्या धंद्यात मात्र उलट प्रकार दिसतो. आपल्या गावच्या ठराविक दुकानातील ठराविक पदार्थासाठी माणूस रांगेत उभा राहतो, वर परगावच्या माणसाशी वादही घालतो. भाव चार पैसे चढला तरी तो सहजासहजी दुकान सोडत नाही. ही निष्ठा येते कुठून, टिकते कशाने आणि तुटते कधी, हे प्रत्येक व्यापाऱ्याने आणि कारागिराने समजून घेण्यासारखे आहे.

पिझ्झाचे प्रांत

याचे जगभर गाजलेले उदाहरण पिझ्झाचे. आपल्याकडे १९९६ साली दिल्लीत परदेशी कंपनीचे पहिले मोठे दुकान उघडले आणि पुढे पिझ्झा गावोगाव पोहोचला. त्यामुळे पिझ्झा म्हणजे सगळीकडे एकच, असा आपला समज झाला. प्रत्यक्षात प्रत्येक शहराचा पिझ्झा निराळा आहे.

मूळ इटलीतील नेपल्स शहराचा. तो मऊ असतो, कडेने फुगलेला असतो आणि लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. इटालियन लोक अमेरिकेत गेले तेव्हा पिझ्झा बरोबर गेला, पण जिथे गेला तिथला झाला. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली लोंबार्डी यांचे दुकान सुरू झाले. तिथला पिझ्झा मोठा व पातळ, तुकडा हातात दुमडून चालता चालता खाण्याचा. शिकागोत १९४३ साली ‘पिझ्झेरिया उनो’ने खोल भांड्यातला जाड पिझ्झा काढला. तो काट्या-चमच्याने बसून खावा लागतो. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तिथे १९४६ साली ‘बडीज’ नावाच्या दुकानाने, कारखान्यात सुटे भाग ठेवण्याचे पोलादी चौकोनी ट्रे वापरून चौकोनी पिझ्झा भाजला. हाताशी असलेल्या अवजाराने एका शहराची चव ठरवली, ही गोष्ट आपल्या कारागिरांनी ध्यानात ठेवावी.

आता या शहरांतील माणसे दुसऱ्याच्या पिझ्झाला पिझ्झा म्हणायलाही तयार नसतात. आपले दुकान खरे, बाकीचे कामचलाऊ!

आपला पिझ्झा म्हणजे मिसळ

महाराष्ट्रात हाच मान मिसळीला आहे. मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू, सोबत तिखट रस्सा आणि पाव, एवढाच मालमसाला. पण प्रत्येक शहराने त्याची मांडणी वेगळी केली.

कोल्हापूरची मिसळ लाल आणि झणझणीत. तिच्यात कांदा-लसूण मसाल्याचा जोर असतो, रश्शाला ‘कट’ म्हणतात आणि सोबत स्लाईस ब्रेड देतात. फडतरे यांची मिसळ उद्यमनगरात, म्हणजे कारखाने आणि वर्कशॉपच्या वस्तीत नावारूपाला आली. पुण्यात मिसळीत पोहे येतात, कुठे बटाट्याची भाजी येते आणि गोडसर छटा असते. तिथला माणूस रश्शाला ‘सॅम्पल’ म्हणतो. नारायण पेठेतील बेडेकरांकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच गिऱ्हाईक येते. नाशिकला काळ्या मसाल्याच्या रश्शाची मिसळ मिळते, सोबत पापड, दही आणि पाव. ठाण्याची ‘मामलेदार’ मिसळ १९४६ सालापासूनची. मामलेदार कचेरीजवळ म्हणून तिला ते नाव पडले. तिथे गिऱ्हाईक बसल्याबरोबर तिखट, मध्यम की कमी तिखट, ते सांगते. विदर्भात गेलात की ‘तर्री’ आली, आणि ती पोह्यांवरही ओततात.

कोल्हापूरकराला पुण्याची मिसळ गोड लागते आणि पुणेकराला कोल्हापूरची नुसती जाळ वाटते. दोघांचेही पोट भरते, मन मात्र आपल्याच गावी भरते.

निष्ठा कशाने बांधली जाते?

आमच्या मते याची कारणे तीन.

पहिले कारण, चव एकच राहणे. मसाला एकाच हातचा, फरसाण एकाच भट्टीचे, पाव एकाच बेकरीचा. आज आणि दहा वर्षांनी गिऱ्हाईकाला तेच मिळते. कापडाच्या ताग्यात पहिला मीटर आणि शेवटचा मीटर सारखा निघाला तरच तो तागा खरा. खाण्याचेही तेच.

दुसरे कारण, माल मोजका ठेवणे. नावाजलेल्या मिसळवाल्यांपैकी अनेकांच्या पाटीवर चार-सहा पदार्थांहून अधिक नसते. रस्सा संपला की दुकान बंद. पाणी घालून रस्सा वाढवण्याचा मोह त्यांनी टाळला, म्हणून नाव राहिले.

तिसरे कारण, लहानपणीची सवय. वडिलांचे बोट धरून जिथे खाल्ले, तिथे माणूस मुलांना घेऊन जातो. हे भांडवल बाजारात विकत मिळत नाही, ते वर्षानुवर्षांच्या इमानदारीने जमते.

पण निष्ठा म्हणजे गुलामी नव्हे. तेल हलके वापरले, मटकी कमी केली, फरसाण शिळे निघाले, तर गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही. एक दिवस येणे बंद करते, एवढेच. आणि असे गेलेले गिऱ्हाईक जाहिरातीने परत येत नाही.

नाव सर्वांचे, राखण कोणाची?

आता खरी अडचण. ‘फडतरे’ हे नाव एका घराचे, ते घर ते सांभाळील. पण ‘कोल्हापुरी मिसळ’ हे नाव कोणाचे? हमरस्त्यावर कुठेही ही पाटी दिसते. आत कोल्हापूरचा मसाला असेलच असे नाही. वाईट माल एक जण विकतो आणि नाव साऱ्या गावाचे जाते.

नेपल्सच्या कारागिरांनी यावर १९८४ साली संघटना काढली आणि नियम कागदावर आणले. २०१० साली युरोपीय संघाने त्यांच्या पद्धतीची नोंद केली. पिझ्झाचा व्यास ३५ सेंटिमीटरहून अधिक नसावा, भट्टी साधारण ४८५ अंशांवर असावी, इतक्या बारकाव्याने. २०१७ साली युनेस्कोने तिथल्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या हुन्नराला वारसा म्हणून मान दिला.

आपल्या देशात भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ सालचा असून तो २००३ पासून अमलात आहे. उत्पादकांची संघटना अर्ज करते, नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, मुदत दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. सोलापुरी चादर आणि पैठणीला ही नोंद मिळाली, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहेच. खाद्यपदार्थांत हैदराबादच्या हलीमने २०१० साली ती मिळवली. तिथल्या हलीम बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन मांस आणि गव्हाचे प्रमाण, तांब्याचे भांडे, मातीची भट्टी, बारा तासांची शिजवण, हे सारे लिहून दिले. एकमेकांचे स्पर्धक असलेले दुकानदार एका नावासाठी एकत्र बसले, यातच त्यांचा फायदा झाला.

पेण-रोह्याचा हिशेब

आपल्या पेणचे नाव गणेशमूर्तींनी देशात आणि परदेशात पोहोचवले. पेणचे पापड आणि पेणचे पोहे यांचीही तीच ख्याती. मुंबईचा चाकरमानी असो की आखाती देशात कमावणारा मुलगा, गावाहून निघताना पिशवीत हा माल असतो. थंडीत पेण-रोह्याच्या शेतांत वालाच्या शेंगांची पोपटी लागते आणि तिच्यासाठी माणसे मुंबईहून येतात. म्हणजे गावच्या चवीची निष्ठा आपल्याकडेही आहे. तिचा व्यापार मात्र आपण पुरता केलेला नाही.

पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे, आणि कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो. एवढी माणसे दारावरून जातात. त्यांच्यासाठी परगावच्या नावाच्या पाट्या लावण्यापेक्षा, आपल्या पोह्यांचा नाश्ता, आपल्या पापडाची साथ आणि आपल्या बेकरीचा ताजा पाव पुढे करणे अधिक शहाणपणाचे नाही काय? कोल्हापूरकराला कोल्हापूर गावीच मिळते. तो आपल्याकडे थांबेल तो पेणची वस्तू म्हणून.

बेकरीवाल्यांसाठी दोन शब्द

मिसळीचा अर्धा जीव पावात असतो. पाव कच्चा किंवा पिठूळ असेल तर रस्सा कितीही चांगला असो, ताट फसते. या हुन्नरात आपल्या समाजातील पुष्कळ कारागीर आहेत, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जाण्यास सांगितले. लाकडाच्या भट्टीशिवाय पावाला ती चव येणार नाही, अशी अनेकांची भीती आहे. ही भीती अगदी खोटी नाही. जुनी विटांची भट्टी एकदा तापली की उष्णता धरून ठेवते आणि पाव खालून-वरून सारखा भाजते. पत्र्याच्या स्वस्त ओव्हनला ते जमत नाही. तरी नेपल्सकडे पाहावे. लाकडाच्या भट्टीचा सर्वांत जास्त अभिमान त्यांना, पण त्यांच्या संघटनेनेही कसोटीला उतरलेल्या गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली. कसोटी होती उष्णतेची, वेळेची आणि निघणाऱ्या मालाची. आज ना उद्या हा प्रश्न आपल्या तालुक्यांतही येईल. तेव्हा आधीच आपल्या भट्टीचे तापमान, पीठ फुगण्याचे तास आणि भाजण्याची मिनिटे मोजून वहीत लिहून ठेवावीत. उस्तादाच्या नुसत्या अंदाजात असलेला हुन्नर भट्टीबरोबर मोडीत निघतो. वहीत उतरवला तर तो नव्या भट्टीवर पुन्हा उभा करता येतो.

करण्यासारखे काय?

१. दुकानाचा एक पदार्थ निवडा आणि त्याचे माप, मसाला, वेळ लिहून ठेवा. मुलगा किंवा कारागीर बदलला तरी चव बदलता कामा नये.

२. कच्चा माल महागला तर भाव उघडपणे वाढवा, माल हलका करू नका. गिऱ्हाईक वाढलेला भाव माफ करते, बिघडलेली चव नाही.

३. फरसाण, पाव, पापड, पोहे शक्यतो आपल्याच तालुक्यातून घ्या. चार घरांची रोजी चालते आणि चवही गावचीच राहते.

४. पाकिटावर आणि पाटीवर गावाचे नाव ठळक लिहा, पण ते नाव पेलेल असाच माल आत भरा.

५. पेण आणि रोह्यातील बेकरीवाले, पापड-पोहेवाले आणि हॉटेलवाले यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावे. पेणचा पापड कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, एवढे जरी ठरले तरी पुढच्या नोंदणीचा पाया पडेल.

मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीचा पैसा आहे, थंड हवेची दुकाने आहेत. आपल्याकडे तीन पिढ्यांची ओळख आहे. ती वहीत दिसत नाही, पण उधारी-उसनवारीच्या दिवसांत तीच दुकान तारते. तिला जपण्याचा खर्च थोडा आहे. तो आताच करावा, इतकेच आमचे व्यापारी बांधवांना सांगणे आहे.