गुलाबाच्या वासाचं आपलं गवत

मैत्रिणींनो, लग्नात कोणी मनगटावर गुलाबाचं अत्तर लावलं की आपण लगेच हात नाकाशी नेतो. या अत्तराची कथा मोठी गमतीची. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना गरम पाण्यावर तेलाचा तवंग आला. तो तिने थोडा थोडा करून गोळा केला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सगळी बैठक दरवळते, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. ‘अत्तर-ए-जहांगिरी’ हे नाव दिलं सलीमा सुलतान बेगमने. म्हणजे शोध बाईचा, बारसं बाईने केलं, आणि नाव बादशहाचं! असो.

पण या गुलाबाचं नातं आमच्या तळोद्याशीही आहे. सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत वाढतं. काही ठिकाणी त्याला तिखाडी म्हणतात. माझ्या सासूबाई गुडघ्यांना रोशाचं तेल चोळायच्या, त्यामुळे आमच्या घरात तो दुखण्याचा वास! खरं तर गुलाबात जे जिरॅनिऑल असतं, तेच या तेलात भरपूर असतं. म्हणून वास गुलाबासारखा, फक्त जरा हिरवा, लिंबाकडे झुकणारा.

1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याची हकिगत आहे. आधी तो पिंपळनेरला होता. तिथलं गवत कमी झालं तसे तेल काढणारे मुसलमान कारागीर नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे आले. भट्टी ओढ्याकाठीच लावायची. भांड्यात गवत ठासून पाणी घालायचं, झाकण बसवायचं आणि फटी उडदाच्या पिठाने लिंपायच्या. आपण पापडाला भिजवतो तेच उडीद! वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात जायची, थंड व्हायची, वर तेल तरंगायचं. मग चामडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला, नाहीतर धुळे-मनमाडमार्गे मुंबईला.

तिथून ते तुर्कस्तानात पोचायचं. लिंबाच्या रसात घुसळून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करायचा आणि बल्गेरियाच्या महागड्या गुलाब अत्तरात मिसळायचं. कधी तर गाळण्याआधी पाकळ्यांवरच शिंपडायचं! ही सरळसरळ भेसळ होती, तिचं कौतुक नको. अस्सल गुलाबाचं तेल थंडीत गोठतं, रोशाचं तसं गोठत नाही, म्हणून जाणकार ओळखायचेही. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तुर्कस्तानातून येतं म्हणून युरोपात या तेलाला चक्क ‘तुर्की जिरेनियम’ म्हणायचे. डोंगर आपला, मेहनत इथली, आणि नाव तिसऱ्याचंच.

पुढे साबणवाल्यांना हे तेल आवडलं, कारण साबणात त्याचा वास टिकतो. तिथे ते कोणाचं सोंग घेत नाही, स्वतःच्या गुणावर चालतं.

पावसाळा सरता सरता रोशाला फुलोरा येतो. रानाकडे गेलात तर पात्यापेक्षा फुलोराच चुरगाळून बघा, तेल त्यातच जास्त. याच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. सोफियाचा वास जरा रांगडा लागतो. मोतिया हाती लागली, तर आधी गवती चहाचा भास होईल आणि मागून हळूच गुलाब येईल.