मार्च एंडचा दिवस

सकाळी सात. शटर एरवी साडेनऊला उघडतं, ३१ मार्चला मात्र आम्ही सातलाच आत. सांगलीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आज माल मोजायचा आहे. गिऱ्हाईक यायच्या आत जेवढे रॅक उरकतील तेवढे बरे. एकदा विक्री सुरू झाली की मोजलेला आकडा हलतो. खिळे वजनावर. स्क्रूच्या बंद पेट्या मोजायच्या, फोडलेली पेटी काट्यावर ठेवायची. पीव्हीसी पाइपचे अखंड नग वेगळे, कापलेले तुकडे वेगळे. हातभर तुकड्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो खरेदीच्या भावाने धरत नाही, भंगारात जे येईल त्या भावाने धरते. खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी किंमत, यांतली कमी असेल ती लावायची असा नियमच आहे.

मामा शिडीवरून पुकारतात, "ताई, बिजागरी चार इंची, सात डझन, वर तीन सुट्या." मी लिहिते.

मोजणीसाठी मी एवढी अडून बसते, कारण नफा याच वहीतून निघतो. विक्रीत अखेरचा माल मिळवा, त्यातून सुरुवातीचा माल आणि वर्षाची खरेदी वजा करा; उरला तो ढोबळ नफा. अखेरचा माल लाखाने कमी लिहिला की नफा लाखाने कमी दिसतो, आणि पुढच्या वर्षी तोच लाख नफ्यात येऊन बसतो. तरी बाजारात कित्येक जण रॅकवरून नजर फिरवून अंदाजपंचे आकडा सांगतात. कॅश क्रेडिटसाठी बँकेला फुगवलेला, सीएला आटवलेला. दोन्ही कागद कधीतरी एकाच टेबलावर येतात, तेव्हा मालकाकडे उत्तर नसतं. आपला माल किती हे मालकालाच ठाऊक नसेल, तर सीए तरी काय करणार?

साडेअकरा. आता देणी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याकडून कडी-कोयंडे येतात. त्यांची उद्यम नोंदणी आहे. अशा सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर ती खरेदी या वर्षीच्या प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरत नाहीत. पैसे देऊ त्या वर्षी धरतात. २०२३-२४ पासून हे लागू झालं तेव्हा बाजारात बरीच कुरकुर झाली. मला तो नियम रास्त वाटतो. कारखानदाराच्या कामगारांचा पगार आमच्या उधारीवर का अडावा? त्यांचं जुनं बिल आजच्या आज आरटीजीएस.

दोन वाजता डबा, आणि डब्यासोबत जीएसटीचं टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी. फेब्रुवारीचं टू-बी १४ मार्चला आलं, ते खरेदीच्या बिलांशी ताडून पाहायचं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं बिल त्यात नाही. त्याने आपल्या विवरणात ते दाखवल्याशिवाय मी भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मला मिळत नाही. फोन केला. "भाऊ, बिल चढवा, नाहीतर पुढची ऑर्डर थांबवते."

साडेचारला ट्रान्सपोर्टचा निरोप आला, रंगाचे डबे पोहोचायला २ एप्रिल उजाडणार. बिल ३० मार्चचं आहे. खरेदी या वर्षात लिहायची तर माल रॅकवर नसला तरी वाटेवरचा माल म्हणून साठ्यात धरायला हवा, नाहीतर नफा उगाच कमी दिसेल. क्रेडिट मात्र माल हाती आल्यावरच.

संध्याकाळी गिऱ्हाईकच गिऱ्हाईक.

रात्री नऊ. गल्ला मोजून रोजमेळाशी जुळवला. हमालीची व्हाउचरं लावली. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च कर आकारताना मान्य होत नाही, त्यामुळे मोठी रक्कम आम्ही बँकेतूनच देतो. उद्यापासून बिलांचा क्रम नव्याने एकपासून.

शेवटी वही आणि टॅली शेजारी शेजारी. पितळी नळ टॅलीत ४२, रॅकवर ३९. दोन प्लंबरने पसंतीला नेलेत, त्याची चिठ्ठी आहे. तिसरा नाही. हरवलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं, एका नळाचं असलं तरी. उद्या बँका वर्षअखेरच्या कामासाठी बंद, म्हणजे सकाळ मोकळी. मामांना सांगितलंय, नळांचा रॅक पुन्हा उतरवायचा.